नाव मागणारं मशीन

रोहिणखेडच्या कॉलेजातले संगणक बिनडोक आहेत, असं लॅब सांभाळणारी अनुपमाच म्हणायची. त्यांच्यात डिस्कच नव्हती. बटण दाबलं की प्रत्येक मशीन सर्व्हरला विचारायचं, मी कोण? त्याच्या नेटवर्क कार्डाचा नंबर आणि नाव सर्व्हरवर नोंदवलेलं असलं, तरच उत्तर मिळायचं आणि मशीन सुरू व्हायचं. नावं ठेवायचं काम अनुपमाचं. पोरं बहुतेक भाजीपाला पिकवणाऱ्यांची, म्हणून तिनं हौसेनं वांगं, दोडका, कारलं अशी नावं ठेवली होती. "मॅडम, कारलं रुसलं!" अशी बोंब उठली की सारी लॅब हसायची.

तिचा आठवा महिना सरत आला होता. मागचं बाळ पोटातच गेलेलं, त्यामुळे या खेपेला तिचा जीव सदा टांगणीला. बाळ हाललं की बरं वाटे. सासूबाई, रुक्मिणीबाई, रोज बजावायच्या, "बारसं होऊ दे. तोपावतर नाव कोनाले सांगू नोको वं. भलतंच कोनी हाक मारते." अनुपमा हसण्यावारी न्यायची.

आज सकाळपासून बाळानं नुसता धिंगाणा मांडला होता.

उद्या ऑनलाइन परीक्षा. सगळी मशीनं चालवून पाहायची, आणि नेमकं एक अनोळखी मशीन नाव मागत सुटलं होतं. सर्व्हरच्या पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा उमटत होती. त्या गलक्यात बाकीच्यांना वेळेवर उत्तरंच जाईनात. अनुपमानं लॅबमधले सगळे कार्डनंबर पडताळले. हा त्यातला नव्हता.

"काऊन असं करून राह्यलं हे?" वायरिंगचं काम करणाऱ्या गोविंदाभाऊंनी विचारलं.

"कुठी हाये तेच समजून नाही राह्यलं, भाऊ."

"थांबा, मी वायर धरून पाह्यतो. सापडली का उपटूनच टाकतो." ते पलीकडच्या खोलीत गेले.

ओळी थांबेनात. अनुपमा वैतागली. नोंदवूनच टाकावं, म्हणजे गप्प तरी बसेल. पण भाज्या संपल्या होत्या. बोटांना पहिलं सुचलं ते तिनं टाइप केलं. मैथिली. मुलगी झाली तर ठेवायचं म्हणून मनात जपलेलं, नवऱ्यालाही न सांगितलेलं नाव.

पडदा शांत झाला. कुठलंसं मशीन सुरू झालं होतं.

तिला हायसं वाटलं. खुर्चीत रेलून तिनं पोटावर हात ठेवला.

पोटही शांत होतं.

ती कुशीवर वळून बसली. गार पाणी प्याली. काहीच नाही. तिला दरदरून घाम फुटला. हा वेडेपणा आहे हे कळत असूनही तिनं ते नाव पुसलं आणि सर्व्हरला नोंदी पुन्हा वाचायला लावल्या.

थोडा वेळ काही झालं नाही.

मग ओळ उमटली. पोटात लाथ बसली.

पुन्हा ओळ. पुन्हा लाथ.

अनुपमाला रडू फुटलं. परीक्षा गेली खड्ड्यात! "माग वं माय, माग," ती पुटपुटली.

ओळ. लाथ.

पलीकडून गोविंदाभाऊंचा खुशीतला आवाज आला. "मॅडम, सापडली बरं वायर!"

"भाऊ, नका—"

"काय म्हनता?" ते दारात आले. हातात वायर लोंबत होती. "उपटली पाहा. पन दुसरं टोक कशालेच जोडेल नव्हतं, मॅडम."

अनुपमानं पडद्याकडं पाहिलं नाही. दोन्ही हात पोटावर दाबून ती वाट पाहत राहिली.