आत कोण बसलंय?

खोटं वाटलं तर वाटू दे. पण हे घडलंय. इथेच केनियात, किसुमूत, तळ्याकाठी, ओडेरोच्या घरात. तेही भर दुपारी!

ओडेरो म्हणजे दीडशहाणा. सगळं कूळ त्याने कॉम्प्युटरात भरलेलं. माणूस म्हणजे ठिपका, नातं म्हणजे रेघ. कुणाचं कोण विचारा, मशीन रेघा धरत सांगणार.

आणि घरात तान्ही लेक रडत होती. दोन दिवसांपासून. दुधाला तोंड लावेना.

आमच्यात अशा वेळी गेलेल्यांची नावं घेतात. ज्या नावाला बाळ गप्प होईल, ते त्याचं नाव.

ओडेरोची आई नावं घेऊन घेऊन दमली.

"पुरे गं आई तुझी भुतं! मशीनला विचारतो. तुझ्यापेक्षा जास्त मेलेले ओळखतं ते."

"आकेयो आहे का रे त्यात?"

"ती मासळी वाळवणारी? पुसली कालच. ना नवरा, ना पोर, ना रक्ताचं कुणी. एक रेघ नाही. केर नुसता."

"वांझेचं नाव ठेवू नये, खरंय. पण पुसलंस कशाला मेल्या? तिच्याच पाठीवर बांधलेला वाढलास ना?"

"हो, आणि तिच्या मासळीचा वासही अजून जात नाही!"

हसत त्याने पडद्यावरच्या काळ्या खिडकीत प्रश्न टाइप केला.

उत्तर आलं... 'कुलूप आहे. आत आधीच कुणीतरी आहे.'

"हात्तिच्या! माहिती सांभाळणारा सर्व्हर चालू आहे ना, तोच कुलूप लावून आत असतो."

त्याने सर्व्हर बंद केला. पंख्याची घरघर थांबली.

पुन्हा विचारलं.

'आत कुणीतरी आहे.'

शेजारच्या खोलीत बाळाचा आवाज बसत चालला होता...

"ओडेरो, लवकर!" बायको किंचाळली.

घाईघाईने त्याने सर्व्हर पुन्हा चालू केला. आता त्यालाच विचारलं... या बाळाचं कोण?

आई. बाप.

आणि... आकेयो.

खोलीत वाळत्या मासळीचा वास सुटला.

"आ... आकेयो," तो पुटपुटला.

रडणं थांबलं. चुटुचुटु दूध ओढल्याचा आवाज आला.

ओडेरोने पडद्याकडे पाहिलं. आकेयोपासून आणखी एक रेघ निघाली होती. थेट त्याच्याकडे. रेघेवर एकच शब्द होता, त्याने कधीच न लिहिलेला...

'पाठीवर.'

पोरगी आता धावते. आकेयोच म्हणतात तिला.

सर्व्हर मात्र ओडेरो कधी बंद करत नाही. विचारलं तर म्हणतो, "कामाचा आहे."

कामाचा म्हणे! मग सर्व्हरच्या त्या रिकाम्या खोलीत शिरताना आधी दार का वाजवतो?