चिंधाचा उंबरा

पाया

नरोलीबाहेरच्या माळावर चिंधा महाजनने घर बांधायला काढलं, तेव्हा आसपास दुसरं घर नव्हतं. शिरपूरहून आल्यापासून त्याची उमेदीची वर्षं आमलीच्या प्लास्टिक कारखान्यात आणि भाड्याच्या खोल्यांत सरली होती. "इथे मोठी वस्ती होईल," तो बायकोला ऐटीत सांगायचा. "तेव्हा लोक म्हणतील, पहिलं घर चिंधाभाऊंचं."

पाया खणताना घडीव काळा दगड लागला. वर शिडं फुगलेलं गलबत कोरलेलं. पाड्यावरची म्हातारी चिमाबाई गुरं थांबवून बघत राहिली.

"फिरंग्यांचा आहे. माझ्या आज्याने पुरताना पाहिला. दमणसारखं शहर वसवणार होते इथे. दगड पुरला नि बायकापोरं आणायला गेले."

"मग?"

"आले नाहीत अजून."

चिंधा हसला. "आता उशीर झाला, आजी. पहिला मी आलो."

उंबरा

तोच दगड त्याने उंबऱ्याला बसवला. घरभरणीला त्याच्या बायकोने, कमळाबाईने, त्याला हळदकुंकू वाहिलं. गावाकडच्या रीतीने, तिकडच्याच बोलीत चिंधाने दारात उभं राहून छाती भरून साद घातली, "या, घर आपलंच शे."

कारखान्यातली मंडळी अजून पोचायची होती. समोर नुसता माळ.

तरी कुणी ओलांडून आत यावं तसं उंबऱ्यावरचं कुंकू फिसकटलं.

दार

कमळाबाईला केरात ओली वाळू सापडू लागली. समुद्र कितीतरी कोस लांब. भिंतींना मीठ फुटलं. भरदुपारी माळावर खुंट्या ठोकल्याचे आवाज यायचे. जाऊन पाहावं तर धुळीत दोरीच्या सरळ रेघा.

"अहो, तो दगड काढा."

"पहिल्या घराचा उंबरा काढू? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक?"

चिंधा दगडाला तेल चोळत बसला. बोट थांबलं.

गलबताची शिडं उतरलेली होती.

आत

रविवारी दोघं आमलीचा बाजार करून परतली. उन्हं अजून होती. कुलूप पायरीवर नीट ठेवलेलं. दाराला आतून कडी.

आत भांडी वाजत होती. एक मूल रडलं. कुणीतरी त्याला गप्प केलं.

चिंधाने स्वतःचंच दार वाजवलं.

"या," अनोळखी, अगत्याचा आवाज आला. "घर आपलंच शे."

कमळाबाईने चपला उंबऱ्याबाहेर काढल्या आणि पाहुणीसारखा पदर सावरला.