गाडी दिसायच्या आधी

हॉस्पिटलात सगळे त्याला पक्कड म्हणत. कॉम्प्युटर, प्रिंटर आणि त्यांच्या वायरींचं जंजाळ सांभाळणं हे त्याचं काम, आणि एकदा हातात घेतलेली वस्तू सुरू झाल्याशिवाय सोडायची नाही हा त्याचा हट्ट, म्हणून पक्कड. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "बिघाड असतो नाहीतर माणसाची चूक असते, तिसरं काही नसतं," असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. त्या दुपारी दोन वाजता आलेला फोनही अगदी साधाच होता. वाचाउपचाराच्या खोलीत हेडसेटचा माइक चालत नव्हता.

ती खोली तळघरात होती. भिंतींना जाड करडा स्पंज, खिडकी नाही, आणि दार लावलं की बाहेरचं जग गुडुप. स्पंजाला ओल लागल्यासारखा कोंदट वास येत असे. आत एक टेबल, एक जुना कॉम्प्युटर, दोन खुर्च्या. एका खुर्चीत गळ्याभोवती मफलर गुंडाळलेले काका बसले होते आणि दुसरीच्या अगदी काठावर वाचाउपचाराच्या मॅडम.

मॅडमनी भराभर सांगितलं. काकांच्या घशात गाठ होती. उद्या सकाळी ऑपरेशन, स्वरयंत्र काढून टाकणार, म्हणजे आवाज कायमचा जाणार. पण आज त्यांनी तीनशे वाक्यं वाचून ठेवली, तर त्यांवरून त्यांचाच आवाज तयार करता येणार होता. पुढे काकांनी टॅबवर टाइप करायचं आणि टॅबने काकांच्या आवाजात बोलायचं. वाचायला सव्वा तास तरी लागणार, आणि पाच वाजता त्यांना वॉर्डात नेणार होते. हे काम फक्त याच कॉम्प्युटरवर होत होतं आणि यूएसबीची भोकं हॉस्पिटलने केव्हाच बंद करून टाकली होती.

"मुलीला नववा महिना लागलाय," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले. "लांब असते. नातवंडानं माझा आवाज ऐकावा, एवढंच. मी काय, आयुष्यभर बोललोच आहे."

"काका बसस्टँडवर होते," मॅडम म्हणाल्या. "एकतीस वर्षं घोषणा केल्या."

"म्हणजे गाडी लागली की सांगायचं," पक्कड पिन तपासत म्हणाला.

"छे! लागल्यावर कशाला सांगायचं? तेव्हा सगळेच धावतात." काका हसले आणि त्यांना ठसका लागला. "गाडी दिसायच्या आधी सांगायची असते. आणि दोनदा सांगायची. पहिल्यांदा कोणी ऐकत नसतं."

पक्कड कामाला लागला. पुढच्या गुलाबी भोकात पिन घातली, पडद्यावर 'माइक सापडला नाही'. काढून पुन्हा घातली, तेच. दुसरा हेडसेट लावला. माइकची परवानगी तपासली, ड्रायव्हर काढून नवा टाकला, कॉम्प्युटर तीनदा बंद करून चालू केला. पुढची भोकंच मेली असावीत, हे त्याच्या लक्षात आलं. पण कॉम्प्युटरचा डबा भिंतीला स्क्रूने जखडलेल्या लोखंडी चौकटीत होता आणि मागे जेमतेम पंजा जाईल एवढी फट. तिथे त्याने बॅटरी मारली, हाताने चाचपलं. पडद्याच्या वायरी, सपाट पत्रा आणि त्यावर मालमत्तेच्या नंबराची पट्टी, दुसरं काही नाही. घड्याळात तीन वीस झाले होते.

"मी यांना वर नेऊन घशाला वाफ देते," मॅडम म्हणाल्या. "तेवढ्यात काहीतरी कर रे बाबा."

दार लागलं. खोलीत इतकी शांतता पसरली की पक्कडला स्वतःच्याच कानातला रक्ताचा आवाज ऐकू येऊ लागला. पुन्हा पहिल्यापासून बघू म्हणून त्याने हेडसेट उपटून टेबलावर ठेवला. आता कॉम्प्युटरला कुठलाच माइक जोडलेला नव्हता.

पडद्यावर आवाज मोजणारी हिरवी पट्टी हलली. एक घर. मग दोन.

"वायरीतला करंट आहे," तो मोठ्याने म्हणाला. पट्टी त्याच्या बोलण्याला हलली नाही. तो गप्प झाला, तेव्हा हलली.

सवयीने त्याचा हात रेकॉर्डच्या बटणावर गेला. अर्धा मिनिट त्याने श्वास रोखून धरला आणि मग पडद्यातल्या स्पीकरवर ऐकायला लावलं. आधी नुसती खरखर. मग मोठ्या, रिकाम्या जागेत घुमावा तसा आवाज आला.

"लक्ष द्या... लक्ष द्या... मागची पट्टी काढा. भोक पट्टीखाली आहे..."

आवाज काकांचा होता. घोगरा मात्र नव्हता. स्वच्छ, खणखणीत, वाक्याच्या शेवटी जरासा सपाट, आणि दोन शब्दांच्या मध्ये कुठेही श्वास घेतलेला नाही. तेच वाक्य पुन्हा एकदा आलं. मग थोडं थांबून...

"लक्ष द्या... दार उघडा, ती आली आहे..."

पक्कडची नजर दाराकडे गेली. दार बंद होतं. आवाजाने तेही दोनदा सांगितलं. मग तिसऱ्यांदा "लक्ष द्या..." सुरू झालं आणि त्याने घाबरून बटण दाबलं, पुढचं काही त्याला ऐकायचं नव्हतं. त्याने धाडकन दार उघडलं. बाहेर लांबलचक बोळ आणि पुसायची बादली. परत येऊन पाहतो तर रेकॉर्ड केलेली फाईल कुठेच नव्हती.

पळून जावंसं त्याला खरोखर वाटलं. पण तीन पस्तीस झाले होते, आणि वर एक माणूस वाफ घेत आपल्या शेवटच्या सव्वा तासाची वाट पाहत होता. त्याने डब्यामागे हात घातला. नखाला पट्टीची कड लागली. सर्रकन पट्टी निघाली आणि बोट एका गोल भोकात गेलं. कुणीतरी नंबर चिकटवताना भोकांवरूनच पट्टी मारली होती. त्याने पिन खुपसली. 'माइक जोडला.' हिरवी पट्टी त्याच्या धापा टाकण्याबरोबर नाचू लागली.

मॅडमनी काकांना खाली आणलं आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. मध्येच ठसका लागे, पाण्याचा घोट घेऊन ते पुन्हा सरसावत. पक्कडला दुसरी कामं होती, तरी तो हलला नाही. पाचला दोन मिनिटं कमी असताना तीनशेवं वाक्य झालं. बाहेर चाकांची खुर्ची येऊन थांबली होती.

"आला ना सगळा?" काकांनी विचारलं.

"सगळा आला, काका," पक्कड म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. त्या फाईलबद्दल तो कुणालाच काही बोलला नाही.

दोन महिन्यांनी मॅडमनी त्याला काकांच्या घरी धाडलं. टॅबला जोडलेला स्पीकर मुका झाला होता. भरदुपारची वेळ, दुसरा मजला, स्वच्छ घर. काकांच्या गळ्यावरच्या भोकावर पातळ रुमाल होता, पण चेहरा तजेलदार दिसत होता. त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं: 'नात झाली. महिन्याची. पुढच्या महिन्यात आणतील.'

"अरे वा, आजोबा!" पक्कड म्हणाला. काकांनी गरम दुधाचा कप दोन्ही हातांनी धरला होता. पक्कडने स्पीकरची पिन टॅबमधून काढली आणि फुंकर मारायला तोंडाजवळ नेली.

"लक्ष द्या... लक्ष द्या... दार उघडा, ती आली आहे..."

तोच स्वच्छ, सपाट आवाज. पक्कडने हातातल्या पिनेकडे पाहिलं. टॅबचा पडदा काळा होता. काकांचे दोन्ही हात कपावरच होते.

"काका... तुम्ही?"

काकांनी हळूच मान हलवली. नाही.

पक्कडने दार उघडलं. जिना रिकामा होता. पाठीमागून तेच वाक्य दुसऱ्यांदा आलं, आणि ते संपता संपता खाली गाडीचं दार आपटलं. मग जिन्यावर सावकाश पावलं, आणि तान्ह्या बाळाचं किरकिरं रडणं.

काकांची मुलगी दारात आली आणि त्याला पाहून थबकली. "दार उघडं कसं? मी तर कुणालाच कळवलं नव्हतं. बाबांची गंमत करायची होती."

बाळाने टाहो फोडला होता. पक्कडने पिन घट्ट बसवली आणि टॅब काकांपुढे सरकवला. काकांनी कप खाली ठेवून एका बोटाने एकेक अक्षर शोधलं. फार वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही.

"ये गं माझी बाय. मी तुझा आजोबा."

बाळ रडायचं थांबलं. त्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि टकमक बघत राहिलं. मुलगी तिथेच चपलांशेजारी फरशीवर बसली. "बाबा... तुम्हीच बोललात," म्हणाली, आणि हसता हसता रडू लागली. काका पुन्हा टाइप करायला लागले होते. आता ते थांबणार नव्हते.

पक्कडने हत्यारं गोळा केली आणि हळूच बाहेर पडून दार ओढून घेतलं. एवढं समाधान त्याला कुठल्याच कामात मिळालं नव्हतं. तो अर्धा जिना उतरला असेल.

"लक्ष द्या..."

तो थांबला. आवाज वरच्या घरातून येत नव्हता. खालून येत होता, रिकाम्या जिन्यातून. त्या दिवशी दाबायला बटण होतं, आज नव्हतं. त्याच्या अंगावर काटा आला, पण पाय पळाले नाहीत. ह्या आवाजाने आजवर जे सांगितलं ते भल्याचंच होतं. पुढचे शब्द घुमून गेले आणि भीतीच्या भरात त्याला त्यातलं अक्षरही कळलं नाही.

तो पायरीवर बसला. पहिल्यांदा कोणी ऐकत नसतं. कठडा घट्ट धरून तो दुसऱ्या वेळेची वाट पाहू लागला.