मधून बरा होणाऱ्या गोलाचं कोडं

मीनल पार गोंधळून गेली होती. आईच्या दंडावरचा तांबडा गोल मलम लावल्यावर पाच दिवसांत गेला होता. आता पंधरा दिवसांनी तो परत आला होता, तोही आधीपेक्षा मोठा. आणि मधली कातडी मात्र स्वच्छ! मग आजार वाढतोय की बरा होतोय?

"सारखी बघू नकोस," आईने बाही खाली ओढली. "आणि कुणापाशी बोलू नकोस."

आई देवगडजवळच्या तरंगत्या शेतावर समुद्रशेवाळ पिकवायची. येत्या सोमवारी आईसह शेतावरचे सहा पाणबुडे समुद्रतळाशी बांधलेल्या नव्या केंद्रात चार महिने राहायला जाणार होते. आईने त्यासाठी दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं. अंगावर हे संसर्गाने पसरणारं गजकर्ण दिसलं असतं, तर तिचं नाव कापलं गेलं असतं.

मीनल कुणापाशी बोलली नाही. तिने आईलाच हाताला धरून शेतावरच्या दवाखान्यात नेलं.

तिथे टिपरी असायची. चाळीस वर्षं जुनी यंत्रपरिचारिका. गुडघे कुरकुरायचे, पण आठवण पक्की.

"अगोबाई! तुझ्या सासऱ्यांच्या मांडीवर अस्साच होता. काय देखणा गोल!"

"टिपरीमावशी, पुरे."

"मलम कुठे लावलंस?"

"लाल होतं तेवढ्यावर. खाज गेली, मी थांबवलं."

टिपरीने कपाळावर हात मारला. टण्ण आवाज झाला. "ही बुरशी (ओल्या पावावर धरते, तिच्याच जातीतली). ती केराटिन (कातडीच्या वरच्या थरातलं प्रथिन) खाते. मधे शरीर तिला हुसकावतं, म्हणून ती कडेने ताज्या कातडीत शिरते. कडेच्या बाहेरही ती असते, फक्त दिसत नाही. म्हणून मलम कडेबाहेर दीड-दोन बोटं लावायचं. आणि डाग गेल्यावरही दोन आठवडे."

मीनलचं डोकं गरगरलं. "जिथे काही नाही, तिथे औषध? आणि जे गेलं, त्यालाही औषध?"

टिपरी आईकडे वळली. "जाळीवरच्या शेवाळाला कुजका डाग पडला, तर कुठून कापतेस?"

"वीतभर बाहेरून. जे चांगलं दिसतं, त्यातही कीड..." आई बोलता बोलता थांबली.

"शेवाळाला कळतं, स्वतःला कळत नाही," टिपरी म्हणाली. "अंग धुवून कोरडं करायचं, पातळ थर दिवसातून दोनदा, मग हात धुवायचे. चार आठवडे. तरी गेलं नाही, तर डॉक्टरीणबाईंकडे."

"चार आठवडे? सोमवार पाच दिवसांवर आलाय!" आई हळूच म्हणाली, "लांब बाहीचं घातलं तर?"

आता मीनल मात्र गोंधळली नाही. पाण्यात उतरायचे पोशाख सगळ्यांचे एकाच दोरीवर वाळायचे. जो कोरडा सापडेल, तो घालायचा, अशी तिथली जुनी रीत. "आई, तुझा पोशाख काल कुणी घातला?"

आईने खाली ओढलेली बाही सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तुकडीतल्या पाचही जणांसमोर बाही वर केली. "मला गजकर्ण झालंय. मी येऊ शकत नाही."

तेवढ्यात नंदू तांडेलने खाली वाकून पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. पोटरीवर गोल! त्याच्यामागे आणखी दोघे पुढे आले.

"चौघं? म्हणजे सगळे लपवत होतात!" तुकडीप्रमुख गुलाबताई कपाळ धरून हसायला लागल्या. "मी काय उरलेल्या एकालाच घेऊन जाऊ? महिनाभर थांबू या. सगळे मिळून."

दोरीवर त्या दिवशी पोशाखांसाठी सहा वेगळी नावं लागली. मलमाच्या नळ्याही प्रत्येकाला वेगळ्या.

महिन्याने आईचा दंड स्वच्छ झाला, आणखी दोन आठवडे मलम चालू ठेवायचं हे ठरवूनच तिने नळी पिशवीत टाकली. सहाही जण पाण्यात उतरले, तेव्हा धक्क्यावर मीनलने टिपरीला विचारलं, "तळाशी ऊन नाही. तिथली बुरशी काय खात असेल गं?"

टिपरीचे दिवे लुकलुकले. "मला नाही ठाऊक."

"मग आई आली की विचारते. नाहीतर मीच बघून येईन," मीनल म्हणाली, आणि बुडबुड्यांकडे बघत राहिली.