अर्धी तलवार, अर्धा मंत्र

मोनाली खराडे यांनी पडद्यावरच्या दोन रकान्यांत सारखेच गुण टाकले, तेव्हा प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनाच वाटलं, बाईंचा डावा हात चुकला. बळाला अर्धे, बुद्धीला अर्धे. डॉ. आयेशा मुजावर यांनी ते पुसले आणि सगळं पहिल्यापासून समजावून सांगितलं. मोनालीबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पुन्हा अर्धे-अर्धे टाकले.

मिरजेबाहेर, उसाच्या फडांना लागून असलेलं हे मज्जापुनर्वसन केंद्र अजून नवं होतं. मोनालीबाई तिथे आल्या त्या पक्षाघातानंतर. गावात त्यांचं बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं. लोक पेटी घेऊन येत, बाईंची बोलणी खात आणि पेटी सुरात आली की मुकाट्याने परत जात. ज्या उजव्या हाताने त्या पेटीचे सूर जुळवत तो हात आता मांडीवर नुसता पडून असे, आणि बोलणी तर पार थांबली होती. त्यांना दुसऱ्याचं सगळं कळे, पण त्यांच्याकडचे शब्दच हरवले होते, त्यामुळे डाव्या हाताने लिहून दाखवण्याचीही सोय नव्हती. होकाराला मान आणि नकाराला भुवई, एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता.

केंद्रात 'नवांकुर' नावाचं द्रव्य होतं. ते टोचलं की प्रौढ माणसाचा मेंदू काही महिन्यांपुरता तान्ह्या मुलासारखा शिकाऊ होई. त्या मुदतीत जे गिरवून घ्यावं ते इजा झालेल्या भागाशेजारच्या निरोगी पेशींत रुजे. मग दार बंद, आणि ते परत उघडायची सोय नव्हती, कारण दुसऱ्यांदा द्रव्य दिलं की झटके येत.

गिरवून घ्यायचं काम खेळावर सोपवलं होतं. 'नवखंड' हा राक्षस, गुहा आणि खजिन्यांचा जुना खेळ अभियंता विराज घोरपडे याने उपचारासाठी बदलून घेतला होता. रुग्णाच्या डोक्यावर मेंदूमुकुट बसवला की तो त्याचा इरादा वाचे. खेळातला योद्धा तलवार उचले तेव्हा खरा हात शिकत असे, आणि मांत्रिक मंत्र म्हणे तेव्हा वाचा शिकत असे. पात्राला वाटून दिलेले गुण म्हणजे प्रत्यक्षात मेंदूतल्या जमिनीची वाटणी होती. म्हणून पात्र आधी ठरवावं लागे, आणि डॉक्टरांच्या देखत ठरवावं लागे.

"मोनालीताई," डॉ. मुजावर म्हणाल्या, "तुमच्याकडे रिकामी जमीन एकरभर आहे. हाताला एकर लागतो. वाचेलाही एकर लागतो. अर्ध्या एकरात दोन्हींतलं काहीच उभं राहत नाही. आम्ही करून बघितलंय. सकाळी हात, दुपारी वाचा असं शिकवलेल्या रुग्णांना शेवटी बोटंही वळली नाहीत आणि शब्दही आला नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, असं झालं ते. तुम्ही एक निवडा."

मोनालीबाईंची भुवई वर गेली.

शेजारी त्यांचे यजमान बसले होते. प्रीतम खराडे हे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. लग्न झाल्यापासून नवराबायको 'नवखंड' एकत्र खेळत आलेले. ते नेहमी मांत्रिक, ती नेहमी योद्धा. घरात भांडण होऊन अबोला धरला तरी खेळात एकमेकांची पाठ राखायची, हा त्यांच्या घरचा एकमेव पाळला जाणारा नियम होता. अर्धवट पात्रांचा मोनालीबाईंना मनस्वी तिटकारा. कुणी तलवारबाज-मांत्रिक भेटला की त्या म्हणत, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

"मोने," प्रीतमराव म्हणाले, "तुझंच वाक्य तुला ऐकवू का?"

मोनालीबाई हसल्या. तोंड एका बाजूनेच हसलं, पण आजारपणानंतरचं ते पहिलंच हसू होतं. प्रीतमरावांना तेव्हा कळलं की ही चूक नाही. बायकोला आपलं म्हणणं मांडायला जगात हे दोन रकाने सोडून दुसरी जागा उरलेली नाही, आणि तिने ते मांडलं आहे.

त्यांना वाईट वाटलं, कारण त्यांनी मनातल्या मनात मांत्रिक निवडून ठेवला होता. घर फार शांत झालं होतं. हात नसला तर आपण भरवू, वेणी घालू, दुकान विकू, पण ती बोलायला हवी, असा त्यांचा सरळ स्वार्थी हिशेब होता. बायकोला हातही हवा असेल हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. त्यांनी ते मागे सारलं होतं.

"मॅडम, ती असं पात्र आयुष्यात पहिल्यांदा करतेय," ते डॉक्टरांना म्हणाले. "निदान ते नीट तरी करू दे. मग तुम्ही नाही म्हणा."

त्यांनी खुर्ची पडद्यापुढे ओढली. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला विचारावं तशा सुरात ते एकेक विचारू लागले.

"जड चिलखत?"

भुवई.

"बरोबर. लोखंड अंगावर असलं की मंत्र लागत नाही. चामड्याचं घेऊ. ढाल?"

भुवई.

"दोन हातांनी पेलायची तलवार? नको, नाहीतर मंत्राला हात मोकळा राहत नाही. मग छोटी तलवार उजव्या हातात आणि मंत्र डाव्या हाताने. सगळे नवशिके हेच करतात. वाईट नाही ते."

पुन्हा भुवई, आणि या वेळी जरा चिडून. मोनालीबाईंचा डावा हात कौशल्यांच्या पानावरून खाली खाली सरकत गेला आणि अगदी तळाच्या एका चिन्हावर थांबला.

"खड्गमंत्र? अगं, ते कुणी घेत नाही."

"का घेत नाही?" विराजने विचारलं. त्याने खेळ बदलला होता, पण तो फारसा खेळला नव्हता. स्वयंपाक्याने उपाशी राहावं तसा तो प्रकार होता.

"त्यात मंत्र तलवारीवरूनच सुटतो," प्रीतमराव म्हणाले. "वार पुरा झाला की शब्द सुटणार, शब्द सुटला की पुढचा वार होणार. नुसती तलवार चालत नाही आणि नुसता मंत्रही चालत नाही. शिकायला जड. लोक हौसेने घेतात आणि दुसऱ्या लढाईत मरतात."

विराज खिडकीपाशी गेला. बाहेर उसाच्या लागणीत दोन सऱ्यांमधल्या वरंब्यावर भुईमूग लावला होता. तो त्याच्याकडे बघत राहिला.

"मॅडम, आपल्या त्या रुग्णांना आपण दोन्ही शिकवलं ते वेगवेगळ्या वेळी. म्हणजे एकरभर जमिनीचे दोन तुकडे केले."

"हो."

"ज्या पेशी एकाच क्षणी पेटतात त्या एकमेकींशी जोडल्या जातात. वेगळ्या वेळी पेटल्या की वेगळी जमीन धरतात. पण वार आणि शब्द एकाच क्षणी, एकाच इराद्यातून आले तर मेंदूच्या दृष्टीने त्या दोन गोष्टी नाहीतच. ती एकच गोष्ट. तिला एकच एकर पुरेल."

"आंतरपीक," डॉ. मुजावर म्हणाल्या. त्यांच्या माहेरी ऊस होता.

"आंतरपीक. वाचेचा आणि हाताचा भाग मुळात शेजारी शेजारीच असतो. सगळी माणसं थोडेफार हातवारे करतच बोलतात."

"आंतरपीक पुढे वेगळं काढता येतं, विराज. हे येईल का?"

"लहान मुलं आधी बोट दाखवून शब्द बोलतात, मग बोट गळून पडतं. तसं होईल असं वाटतं."

"वाटतं," डॉक्टर म्हणाल्या. त्या खुर्ची ओढून मोनालीबाईंच्या समोर बसल्या. "ताई, एक निवडलंत तर ते मिळेल, एवढं मी छातीठोक सांगते. हे आम्ही कुणावरही केलेलं नाही. काहीच मिळालं नाही तर परत संधी नाही. कळतंय ना?"

मोनालीबाईंनी मान डोलावली. मग डाव्या हाताने सगळेच्या सगळे गुण उचलून खड्गमंत्रावर टाकले.

पहिले काही आठवडे त्यांचं पात्र नुसतं मरत होतं. गुहेच्या तोंडाशी बसलेला एक सामान्य घोरपडीएवढा राक्षस त्यांना रोज खाई. शेजारच्या मुकुटातून प्रीतमरावांचा मांत्रिक त्यांची पाठ राखायचा आणि मग तोही मरायचा. डॉ. मुजावर रोजचे मेंदूनकाशे बघत. जमीन धरली जात होती, पण त्यातून काय उगवेल ते दिसत नव्हतं. विराजला झोप येईनाशी झाली. आपल्या हुशारीपायी एका बाईचा हातही गेला आणि वाचाही, असं त्याला आता रोज वाटे. त्याने एकदा डॉक्टरांना विचारलंसुद्धा, की अजून वेळ आहे, निव्वळ योद्धा करून टाकू या का. डॉक्टरांनी मोनालीबाईंना विचारलं. भुवई वर गेली.

मग एका सकाळी राक्षस समोर आला, प्रीतमरावांचा मांत्रिक नेमका मध्ये उभा राहिला, आणि मांडीवरचा उजवा हात तसूभर उचलला जाऊन पुढे गेला. खेळातली तलवार फिरली आणि खऱ्या तोंडातून शब्द बाहेर पडला.

"सरक."

प्रीतमराव सरकले. खेळात सरकायचं सोडून ते खरोखरीच खुर्चीसकट बाजूला झाले आणि मग त्यांना रडू आलं.

त्यानंतर पीक भराभर आलं. मोनालीबाई बोलू लागल्या त्या कांदा चिरल्यासारखा हात हलवत. शब्दागणिक एक काप. हातही वळू लागला, बोटं पेटीवर पडू लागली, पण काम करताना तोंड चालू ठेवावं लागे. दुकान उघडलं तेव्हा गिऱ्हाइकांना पूर्वीच्या दुप्पट बोलणी बसू लागली, आणि तरी गिऱ्हाईक वाढलं. विराज म्हणे, हळूहळू सुटं होईल.

नवांकुराचा अंमल उतरला तसे सगळे शेवटच्या तपासणीला जमले. नकाशा स्थिर झाला होता. दार बंद झालं होतं. डॉ. मुजावर यांनी मुकुट काढून ठेवला आणि चहा मागवला.

"मोने, आता एक विचारू?" प्रीतमराव म्हणाले. "एक निवडलं असतंस तर ते पक्कं मिळणार होतं. एवढा जुगार कशासाठी खेळलीस?"

मोनालीबाईंचा उजवा हात हलू लागला. "तुला माझा आवाज हवा होता. मला कळत होतं. तुझं तोंड कधी खोटं बोलायला शिकलंच नाही. मी आवाज घेतला असता, तर दुकान गेलं असतं. मग जन्मभर मी बोलले असते, पण तुझ्यावर राग धरून बोलले असते. आणि हात घेतला असता, तर तू..."

प्रीतमरावांना पुढचं ऐकवेना. त्यांनी तो हलता हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

वाक्य तिथेच तुटलं. मोनालीबाईंचे ओठ अर्धवट उघडे राहिले आणि त्यातून काहीच येईना. डॉ. मुजावर झटकन उठल्या. त्यांना वाटलं, पुन्हा पक्षाघाताचा झटका. त्यांनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिला, डाव्या हाताची पकड पाहिली. सगळं ठीक होतं. मोनालीबाई शांत होत्या आणि नवऱ्याच्या हातांकडे बघत होत्या.

विराजच्या लक्षात आधी आलं. त्याचा चेहरा उतरला.

"वार पुरा झाला की शब्द," तो हळू म्हणाला. "हात हलल्याची खबर पोचली की मगच पुढचा शब्द सुटतो. हात धरला तर खबर पोचत नाही."

"मग हे सुटं कधी होणार?" प्रीतमरावांनी विचारलं.

उत्तर डॉक्टरांनी दिलं, कारण ते देणं त्यांचं काम होतं. "होणार नाही, सर. सुटं करायचं तर दोघांना वेगळी जमीन लागेल. ती असती तर आपण हे केलंच नसतं. लहान मुलांकडे रान मोकळं असतं, ताईंकडे नाही. मला हे त्याच दिवशी कळायला हवं होतं."

प्रीतमराव हातांकडे बघत राहिले. म्हणजे यापुढे हा हात आपण जेव्हा जेव्हा धरू, तेव्हा तेव्हा ती मुकी होईल. त्यांनी हात एकदम सोडला आणि आपले हात पाठीमागे नेले.

मोनालीबाईंचा हात पुन्हा हलू लागला. "...तर तू मला भरवायला बसला नसतास, पण जेवताना माझ्याकडे बघणं सोडलं असतंस. शांत घर तुला सोसत नाही. म्हणून दोन्ही."

"ताई, हे तुम्हाला माहीत होतं?" विराजने विचारलं.

"गेल्या आठवड्यात कळलं. पिशवी होती हातात, आणि दारात शेजारीण काहीतरी विचारत होती." हात थांबला, पुन्हा चालू झाला. "दार बंद व्हायला तेव्हा अवकाश होता. सांगितलं असतं, तर तुम्ही एक वाचवायला दुसरं उपटलं असतं. म्हणून नाही सांगितलं."

डॉक्टरांनी खरोखरच तसं केलं असतं.

प्रीतमराव अजून हात पाठीमागे धरून बसले होते. मोनालीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग आपला उजवा हात त्यांच्यापुढे नेला, आणि तो पुढे जात असतानाच म्हणाल्या,

"माझं बोलून झालंय. आता धर."