ठोकळ्यांची गल्ली

किर्स्टिनच्या लग्नाला ज्या साली साडेबारा वर्षं पूर्ण झाली, त्या सालच्या हिवाळ्यात तिच्या वडिलांनी, एबे क्विस्टनं, आपली अख्खी गल्ली ठोकळ्यांत बांधायला घेतली. साल होतं २००१. पंचविसाव्या वर्षी चांदीचं लग्न, तर त्याच्या निम्म्यावर तांब्याचं. ते मे महिन्यात यायचं होतं आणि गल्लीचं काम त्याच्या मागोमाग, जूनमधल्या ठोकळ्यांच्या प्रदर्शनाला पुरं व्हायचं होतं.

एबे लेमविगच्या बंदरात होड्यांचा सुतार होता. चव्वेचाळीस वर्षं लाकूड तासून झाल्यावर त्यानं रंधा खुंटीला टांगला आणि माळ्यावरून किर्स्टिनच्या लहानपणीची, एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांची पेटी खाली काढली. पांढरे ठोकळे पिवळटले होते, काहींवर तिचे दात उमटले होते. पण त्यांची पकड गेली नव्हती. १९६४ सालचा ठोकळा आज दुकानातून आणलेल्या ठोकळ्यावर ठेवून दाबला, की गुंड्या आत शिरतात, कट असा बारीक आवाज होतो आणि दोन्ही जणू एकच होतात. तो आवाज एबेला फार आवडायचा. चांगल्या बसलेल्या सांध्याचा आवाज.

गल्ली बंदरापासून वर चढत जाणारी, अकरा घरांची. पिवळ्या भिंती, लाल कौलं. पाचव्या घरात एबे आणि त्याची बायको डाग्नी. घरामागच्या शेडमध्ये रॉकेलची शेगडी, लांब टेबल आणि भिंतीभर खण. नवशिके ठोकळे रंगाप्रमाणे लावतात, एबे आकाराप्रमाणे लावायचा. कारण रंग हजारांतही डोळ्यांत भरतो, पण लाल ढिगातली लाल बारकी चकती शोधता शोधता संध्याकाळ जाते. शेडच्या खिडकीतून चर्चचा कांद्यासारखा घुमट दिसायचा. तो कसा बांधावा, हे कोडं मात्र त्यानं शेवटासाठी ठेवलं होतं.

प्रदर्शनाचे नियम तीन. गोंद लावायचा नाही, कापायचं नाही, रंगवायचं नाही. एबेचे स्वतःचे आणखी दोन होते. घरं आतून रिकामी ठेवायची, कारण आत कोण बघतो? आणि रस्त्यावर माणसं ठेवायची नाहीत. माणसं ठेवली की काम लगेच जुनं होतं.

सात नंबरचा टुगे म्हणायचा, "एबे, माणसं म्हातारपणी पुन्हा लहान होतात, पण तू तर पाळण्यापर्यंत गेलास!"

"तुझ्या घराचं धुराडं वाकडं बांधीन."

"ते आहेच वाकडं. तूच दुरुस्त केलं होतंस."

फेब्रुवारीत चार नंबरचं धुराडं एका गुंडीनं सरकवायचं म्हणून एबेनं त्या घराचं छप्पर उचललं. पुढच्या खोलीत एक पलंग होता.

पांढरा. चार पाय, दोन पट्ट्या, उशाशी एक उभा ठोकळा. सात तुकडे. खिडकीकडे पाठ करून ठेवलेला, म्हणजे पडल्या पडल्या दार दिसावं.

त्यानं डाग्नीला विचारलं.

"मी?" ती म्हणाली. "मला तुझे ठोकळे पायाखाली येतात तेवढेच माहीत आहेत. काल एक लागला. अजून लंगडतेय." आणि तिला खोकल्याची उबळ आली. नाताळपासून येत होती.

आपणच कधीतरी बांधून विसरलो असू, असं एबेनं ठरवलं. सत्तरी आली होती. डाव्या हाताची शेवटची दोन बोटंही जानेवारीपासून बधिर होती. ठोकळा दाबला की बसला की नाही, हे बोटांना कळायचंच नाही, कानांनी ऐकावं लागायचं. शेडमधली थंडी, असं म्हणून त्यानं ते कोणाला सांगितलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी नगरपालिकेची गाडी चार नंबरपुढे थांबली. तिथे माग्नहिल्ड राहायची, निवृत्त शिक्षिका, एकटी. दोन माणसांनी आजाऱ्याचा पलंग उतरवला आणि जिना अरुंद म्हणून पुढच्याच खोलीत मांडला. एबे पाव घेऊन परत येत होता. खिडकीतून त्याला पलंगाची उशाकडची बाजू दिसली. पाठ खिडकीकडे होती.

माग्नहिल्ड अकराव्या दिवशी गेली. एबेनं छप्पर उचलून पाहिलं तेव्हा खोली रिकामी होती. सातही तुकडे भिंतीवरच्या खणांत होते, आपापल्या आकाराच्या जागी.

मार्चमध्ये पलंग सात नंबरमध्ये दिसला. टुगे तेव्हा ठणठणीत होता, जेटीवर उभा राहून शिव्या देत जाळी सुकवत होता. एबेनं त्याला डॉक्टरकडे जायला सांगून पाहिलं.

"का? वाकडं धुराडं बघून चक्कर येते, एवढंच दुखणं आहे मला."

महिना संपायच्या आत टुगे त्याच्या पुढच्या खोलीत, पांढऱ्या पलंगावर वारला.

त्यानंतर एबे रोज सकाळी अकराही छपरं उचलून बघायचा. स्वतःच्या घराचं सगळ्यात शेवटी. एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी त्यानं ते उचललं, आणि आत पलंग होता.

घरात माणसं दोनच. आतून डाग्नीच्या खोकण्याचा आवाज येत होता. दोन दिवसांपूर्वीच होल्स्टेब्रोच्या इस्पितळात तिच्या छातीचा फोटो काढला होता. निकाल टपालानं यायचा होता.

त्यानं पलंग ओढून काढला, सात तुकडे सुटे केले आणि सात खणांत टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंग जागेवर होता. त्यानं तुकडे खिशात घातले आणि जेटीवरून खाडीत फेकले. शनिवारी सकाळी पलंग पुन्हा जागेवर होता. पाय ओले होते.

रविवारी डाग्नी चर्चला गेली. इस्टरच्या आधीचा रविवार होता. एबे शेडमध्ये उभा राहिला आणि ठोकळे बांधणारा माणूस जे करतो तेच त्यानं केलं. बांधलेला भाग एका जागी बसत नसेल तर तो मोडत नाहीत, दुसऱ्या जागी बसवून पाहतात. नऊ नंबरचं घर तीन वर्षं रिकामं होतं. मालक दूर आर्हूसला, दारापुढे 'विकणे आहे'ची पाटी. तिथे कोणी खोकत नव्हतं, कोणी झोपत नव्हतं. कोणाचं काही बिघडणार नव्हतं.

त्यानं पलंग अलगद उचलला आणि नऊ नंबरच्या पुढच्या खोलीत ठेवून दाबला.

कट.

सोमवारी पलंग तिथेच होता. मंगळवारीही. बुधवारी पत्र आलं, डाग्नीची छाती साफ होती, खोकला जुन्या सर्दीचा. एबेनं तिला स्वयंपाकघरात धरून गरकन फिरवलं.

"सोड, म्हाताऱ्या! बटाटे करपतायत!"

त्या आठवड्यात त्यानं चर्चचा घुमट बांधला. नखाएवढ्या चकत्या, सहाशेच्या वर, एका हातानं धरायच्या आणि दुसऱ्यानं बसवायच्या. एकही निसटली नाही. असं सुरेख काम त्याच्या हातून कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

मे महिन्यात तांब्याचं लग्न आलं. किर्स्टिन आणि येप्पे होल्स्टेब्रोला राहायचे. शेजाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी त्यांच्या दाराभोवती फर झाडाच्या फांद्यांची अर्धी कमान बांधली. चांदीच्या लग्नाला पूर्ण बांधतात. सकाळी सहाला सगळे खिडकीखाली गाणं म्हणायला जमले, आणि किर्स्टिन-येप्पे रीतीप्रमाणे आत्ताच जाग आल्याचं सोंग करत, रात्रीच्या कपड्यांवर कोट घालून दारात आले. मग अंगणात पाव, चीज, कॉफी आणि बारक्या पेल्यांतून कडू दारू.

"आई, बाबा," किर्स्टिन कॉफीचा कप उंचावत म्हणाली, "आज आमची तुम्हाला भेट. ओळखा!"

"नातवंड?" डाग्नी म्हणाली.

"गप गं! एकोणचाळिसाव्या वर्षी? आम्ही लेमविगला येतोय. तुमच्याच गल्लीत. नऊ नंबर!"

डाग्नी रडायलाच लागली. येप्पे हसत म्हणाला, "पाटी मुद्दाम काढू दिली नाही. नाहीतर सासरेबुवा दुसऱ्या दिवशी फूटपट्टी घेऊन आत शिरले असते."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आणि किर्स्टिनच्या हातातला कप फरशीवर पडून फुटला.

"चला, शुभशकुन!" एक शेजारी ओरडला.

"शुभ कसला," ती हात झटकत म्हणाली. "ही दोन बोटं. मेली बधिर झालीत. थंडीनं असेल."

"मे महिन्यात?" डाग्नी म्हणाली.

डाव्या हाताची शेवटची दोन.

एबेच्या डाव्या हातात बारका पेला होता. त्यानं तो खाली ठेवला आणि टेबलाखाली अंगठ्यानं एकेक बोट दाबून पाहिलं. पहिलं. दुसरं. तिसरं. चौथं. चारही बोटांना अंगठ्याचा स्पर्श कळत होता.

पलंग डाग्नीसाठी आला नव्हता.

"केव्हापासून होतंय?" त्यानं विचारलं.

"बाबा, तुझा चेहरा बघ! काही नाही रे."

"केव्हापासून?"

"इस्टरच्या आधीपासून. शुक्रवारी आम्ही घराच्या कागदांवर सह्या केल्या, आणि रविवारी सकाळी भांडी घासताना पहिल्यांदा जाणवलं. का?"

पोटात गोळा आलाय, असं सांगून एबे उठला. डाग्नीला तिथेच ठेवून एकटाच गाडी घेऊन निघाला. पाऊण तास लागला. त्या वळणांवरून तो कसा उतरला, हे त्याला नंतर आठवलं नाही.

शेडमध्ये ऊन आलं होतं. त्यानं नऊ नंबरचं छप्पर उचललं. पलंग होता. तो सहज सुटून हातात आला. एबेनं स्वतःच्या घराचं छप्पर बाजूला ठेवलं आणि पुढच्या खोलीत, त्याच जागी, पलंग ठेवून दाबला.

आवाज झाला नाही.

बोट काढलं तर पलंग घसरला. एक गुंडी अलीकडे सरकवून पाहिला. आडवा करून पाहिला. मागच्या खोलीत, स्वयंपाकघरात, अंगणात. कुठेच पकड नाही. खणातला दुसरा ठोकळा घेऊन दाबला तर कट करून बसला. नवा बसला, जुना बसला. पलंग तेवढा बसेना.

"माझा आहे तो," एबे मोठ्यानं म्हणाला. शेडमध्ये त्याच्याशिवाय कोणी नव्हतं.

मग त्यानं फळीवरून सरस काढला. ठोकळ्याला सरस लावायची त्याची ही पहिलीच वेळ. चारही पायांना लावला, दाबून धरला, वर वजनाला लोखंडी पक्कड ठेवली आणि समोर बसून राहिला. दुपार झाली. सरस वाळला. पलंग हलवून पाहिला, हलला नाही. तो तोंडावर पाणी मारायला घरात गेला आणि लगेच परत आला.

पक्कड होती तिथेच होती. तिच्याखाली सरसाचे चार चौकोनी डाग होते. पलंग नऊ नंबरमध्ये होता.

शेवटी त्यानं नऊ नंबरचं घरच मोडायला घेतलं. धुराडं काढलं. भिंतीचा वरचा थर नखानं सुटा केला. तेवढ्यात घरात फोन वाजला.

डाग्नी होती. "एबे, घाबरू नकोस. किर्स्टिन पायरीवर पडली. पाय अचानक लुळा पडला म्हणते. आता बसलीय."

तो शेडमध्ये परतला. काढलेला थर एकेक ठोकळा करून पुन्हा बसवला. धुराडं बसवलं. छप्पर ठेवलं. त्यानंतर त्या घराला त्यानं हात लावला नाही.

प्रदर्शनाला गल्ली गेली नाही.

"ते घर घेऊ नका," त्यानं मुलीला सांगितलं. "ओल आहे."

"बाबा, तूच म्हणायचास, गल्लीत सगळ्यात पक्कं घर ते!"

खरं काय ते त्यानं सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगणार होता? ऑगस्टमध्ये ते राहायला आले. काठी घेऊन चालणारी किर्स्टिन दारातून आत जाताना हसत होती. नोव्हेंबरमध्ये तिचा जिना बंद झाला. जानेवारीत नगरपालिकेची गाडी आली. पलंग कुठे मांडायचा म्हणून त्या माणसांनी विचारलं तेव्हा एबे दारातच उभा होता. त्यानं हट्टानं मागची खोली दाखवली. मागच्या खोलीच्या दारातून पलंग आत जाईना.

एबे दर वर्षी तपासणीला जातो. मागच्या खेपेला नवीन डॉक्टरीणबाईंनी त्याच्या छातीला नळी लावली, कागदावरचं वय पाहिलं आणि पुन्हा नळी लावली. "आजोबा, काळीज चाळिशीतल्या माणसाचं आहे तुमचं," त्या कौतुकानं म्हणाल्या. एबेनं सदऱ्याची बटणं लावली आणि बाहेर आला.

किर्स्टिन क्विस्ट १४ मार्च २००२ ला, गुरुवारी, दुपारी अडीच वाजता गेली. तिच्यामागून चार वर्षांनी डाग्नी गेली. येत्या ऑगस्टात एबेला पंच्याण्णव पूर्ण होतील.