तळघरातला राहिलेला धडा

"हे अजून तिथेच आहेत का, एवढंच बघून सांगा," कुसुमताई लिमये म्हणाल्या. समोरच्या चहाला त्यांनी हातही लावला नव्हता.

खुशनुमा शेखच्या मंडईजवळच्या ऑफिसात हरवलेल्या दागिन्यांच्या आणि पळालेल्या नवऱ्यांच्या चौकशा येत. भुताची ही पहिलीच. तिचे मदतनीस गोपाळकृष्ण आपटे, बँकेतून निवृत्त झालेले, मनातल्या मनात हसले. मग त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

कुसुमताईंचे यजमान श्याम लिमये हॉटेलांत बिअर वाढणाऱ्यांना शिकवत. ग्लास कसा धुवायचा, फेस किती ठेवायचा, बिघडलेली बिअर वासावरून कशी ओळखायची. शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. नातेवाइकांना मात्र लिमये बाईंनी 'हॉटेलचं शिक्षण' एवढंच सांगितलेलं. खराडीतल्या एका बिअरघराच्या तळघरात, पिंपं ठेवायच्या थंड खोलीत, ते मेलेले सापडले. कपडे बिअरने भिजलेले, शेजारी ग्लास. हृदयाचं दुखणं जुनंच, त्यामुळे कुणी खोलात शिरलं नाही. शिकवणारा स्वतःच ढोसून पडला, असं लोक बोलू लागले.

"हे चमचाभर चव घ्यायचे, प्यायचे नाहीत," बाई म्हणाल्या. "आता तिथली मुलं सांगतात, फोटोपुढे लावलेली पणती विझते. वारा नसताना. दिवस घातले, सगळं यथासांग केलं. तरी हे अडकले असतील तर मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं खराडीला पोचले. गोपाळकृष्णांनी जन्मात बिअर चाखली नव्हती, ते स्टुलावर पाहुण्यासारखे अंग चोरून बसले. कोपऱ्यात एक गिऱ्हाईक निवांत पीत होतं आणि त्याच्या ग्लासात फेसाची कडी एकाखाली एक उमटली होती. ग्लास नीट धुतला नाही वाटतं, असं गोपाळकृष्ण बोलून गेले.

काउंटरवरच्या राहिलला ते लागलं. "काका, ग्लास स्वच्छ असेल तरच कडी राहतात. एका घोटाला एक कडं. सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं."

राहिल आणि टेबलं सांभाळणारी सुरुची, दोघं सरांचे शेवटचे विद्यार्थी. कोर्स अर्धवट राहिला. तळघराचा धडा पुढच्या आठवड्यात व्हायचा होता. सर गेले त्या दिवशी मालकांची हाक ऐकून राहिल आधी धावला होता. खुशनुमाने ग्लासाबद्दल विचारलं तेव्हा तो आठवून म्हणाला, की आत एकाच बाजूला फेसाचा ओघळ होता, बाकी ग्लास कोरा. खाली जायला त्याला आता नको वाटतं. उभं असलं की काही नाही, पण पिंप उचलायला वाकलं की छातीवर कुणी बसल्यासारखं होतं.

सुरुची रोज तळघरात, खाली टेकवून ठेवलेल्या सरांच्या फोटोपुढे, जमिनीवर पणती लावायची. ती वळेपर्यंत पणती विझलेली असे. सांगताना तिने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

मालक केयूर साने मात्र शांत होता. त्याच्या मागे प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं. सरांचा तो पहिल्या तुकडीतला विद्यार्थी, परीक्षेत पहिला. तो स्वतः त्यांना तळघरात घेऊन गेला, रिकामं पिंप अडकवून दार उघडं ठेवलं आणि डोक्याच्या उंचीच्या फळीवर पणती लावली. ज्योत हललीसुद्धा नाही.

"मी लावतो तेव्हा विझत नाही," तो म्हणाला. "सरांचा माझ्यावर लोभ होता."

गोपाळकृष्ण फोटो पाहायला खाली वाकले. श्वास छातीतच अडकला, डोळ्यांपुढे काळोखी आली आणि अंगावर सरसरून काटा उभा राहिला. त्यांच्या तोंडून रामरक्षा सुरू झाली. खुशनुमाने त्यांना दंडाला धरून उभं केलं. ती मात्र भिंतीकडे बघत होती. गुडघ्याच्या उंचीवर रंगाचा एक स्वच्छ चौकोन होता आणि त्यात स्क्रूची दोन भोकं. तिथे पाटी होती, केयूर म्हणाला.

संध्याकाळी खुशनुमाने गॅसच्या सिलिंडरची चावी बंद करायला लावली आणि सगळ्यांना वर बसवलं. कुसुमताईही आल्या होत्या.

"सर प्यायले असते तर ग्लासात कडी असती," ती म्हणाली. "एकाच बाजूला ओघळ म्हणजे ग्लास एका दमात उपडा केला. ती बिअर कुणीतरी सरांच्या कपड्यांवर ओतली."

कुसुमताईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"पिंपातली बिअर नळापर्यंत गॅस ढकलतो. खालचा एक जोड गळतोय. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून खालची पणती विझते, फळीवरची जळते. वाकणारा गुदमरतो, उभा असणारा वाचतो. राहिल आणि सुरुचीला हे माहीत नव्हतं, म्हणून ते सरांना घाबरले. केयूर, तुम्ही घाबरला नाहीत. दार उघडं ठेवलंत, पणती वर लावलीत. तळघराचा धडा इथे एकट्या तुमचा झाला होता."

"आणि गुडघ्याशी पाटी कुणासाठी?" गोपाळकृष्ण म्हणाले. "मांजरांना वाचायला?"

"तिथे गॅसचा अलार्म होता, काका. तो खालीच लावतात."

केयूरने मागच्या प्रमाणपत्राकडे एकदा वळून पाहिलं. मग त्याने सांगितलं. अलार्म सारखा वाजायचा, गिऱ्हाइकं उठून जायची. दुरुस्ती होईपर्यंत म्हणून त्याने तो काढला आणि सरांना सांगायचं राहिलं. वाजत नाही, म्हणजे धोका नाही, या विश्वासावर सर खाली उतरले. नंतर दुरुस्तीला कुणाला बोलावलं असतं, तर अलार्म कुठे गेला हेच त्या माणसाने पहिल्यांदा विचारलं असतं, म्हणून गळती तशीच राहिली.

"मी पोचलो तेव्हा ते गेले होते. मला तसं वाटलं," तो म्हणाला. "कुणाला हाक मारायच्या आधी मी ग्लास भरला."

राहिलने तोंड फिरवलं. दाराबाहेर खुशनुमाने बोलावलेले पोलीस थांबले होते.

जोड दुरुस्त झाला, अलार्म जागेवर लागला, तेव्हा कुसुमताई पुन्हा आल्या. त्यांनी स्वतः तळघरात जमिनीवर पणती ठेवली. सगळे श्वास रोखून बघत राहिले. ज्योत सरळ उभी राहिली. गोपाळकृष्णांना इतकं बरं वाटलं की ते मोठ्याने म्हणाले, "बघा, लिमये सुटले."

"म्हणजे हे इथे नव्हतेच," कुसुमताई म्हणाल्या. "इतके दिवस मला वाटत होतं, रागावलेले का होईना, कुठेतरी आहेत."

आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच त्या रडल्या.  गोपाळकृष्ण खाली, त्या गार जमिनीवर, त्यांच्याशेजारी बसले. मग राहिल बसला, सुरुची बसली.

तेल संपेपर्यंत पणती जळली. तोवर कुणी वर गेलं नाही.